माडीवरचा कोरा फलक

गेल्या चातुर्मासांत आमच्या घरीं एक तंटा उद्भवला. तंटा तसा लहानच. परंतु एका चुलीवर जेवणाऱ्या अकरा माणसांच्या घरांत लहान तंटाही कोणास चुकत नाहीं, हें एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आमच्या वाचकांस सांगावयास नको. आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा मुंबईस चित्रकलेची पदविका घेऊन तेथल्याच एका जाहिरातींच्या कचेरींत चार वर्षें काम करीत होता. पगार वेळेवर येई, घरखर्चास हातभार लागे, आणि मुलीकडील मंडळींची विचारपूसही सुरू झाली होती. अशा वेळीं एके दिवशीं तो नोकरीचा राजीनामा देऊन, पेटी घेऊन घरीं आला आणि म्हणाला, "दुसऱ्यांचीं चित्रें पुरीं झालीं, आतां माझीं काढणार."

माडीवरची उत्तरेकडील खोली त्यानें झाडून घेतली. लांकडी चौकटीवर कापड ताणून केलेला पुरुषभर उंचीचा एक फलक भिंतीशीं उभा केला, त्यास पांढरा रंग दिला, आणि समोर चटई टाकून तो बसला. बसला तो बसलाच. आठवडा गेला, पंधरवडा गेला. फलक पांढरा तो पांढराच.

आमचीं पस्तीस वर्षें मुलांच्या वह्या तपासण्यांत गेलीं. वहींत जें उतरलें असेल त्यास गुण द्यावयाचे, डोक्यांत राहिलें असेल त्यास नाहीं, हा आमचा आयुष्यभराचा शिरस्ता. त्यामुळें रात्रीं पानावर बसतांना आम्ही त्यास रोज एकच प्रश्न विचारूं लागलों: "काय, आज किती झालें?" पहिले दोन-तीन दिवस तो हंसला. मग "कांहीं नाहीं" म्हणूं लागला. पुढें तो आमच्या पंक्तीस येईनासाच झाला. सर्वांचें आटोपल्यावर स्वयंपाकघरांत एकटाच जेवून माडीवर जाऊं लागला.

बंधू एके संध्याकाळीं आमच्यापाशीं येऊन बसले. "दादा, तुम्ही वडील आहांत. तुम्हींच त्याला सांगा. एक तर नोकरी धर, नाहीं तर..." पुढचे शब्द त्यांनीं गिळले. पोटच्या पोराविषयीं ते शब्द उच्चारणें त्यांच्यानें झालें नाहीं. आम्हीं त्यांस "बघतों" म्हणून सांगितलें. परंतु बघावयाचें काय, हें आम्हांसही उमगत नव्हतें.

आमच्या मातुःश्री नव्वदीच्या घरांत आहेत. माजघराच्या उंबऱ्याशीं जपमाळ घेऊन बसल्या असतां हें सर्व त्यांच्या कानांवर पडत होतें. त्या एवढेंच म्हणाल्या, "घातलेल्या लोणच्यांत रोज हात घालून पाहावयाची तुझी खोड लहानपणापासूनची. दोन बरण्या नासविल्यास. मुरूं दे कीं रे जरा." नव्वदीच्या आईपुढें पासष्टीचा मास्तरही लहानच असतो. आम्ही निमूटपणें उठून माडीवर गेलों.

गेलों तें उपदेश करावयास, पण तेथें गेल्यावर आम्हीं निराळेंच विचारलें, "नोकरी सोडलीस कां?" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, कचेरींत चित्र काढण्याआधींच तें कोणाला आवडणार हें ठरलेलें असे. मला काय दिसतें, हें चार वर्षांत कोणीं विचारलें नाहीं. एके दिवशीं ध्यानांत आलें, कीं मींही तें स्वतःला विचारणें सोडून दिलें आहे. त्याचें भय वाटलें." भिंतीवर एका चित्राची छापील प्रतिकृति टांगली होती. "हें कोणाचें?" "गायतोंडे यांचें," तो म्हणाला, आणि एक जाडजूड ग्रंथ आमच्या हातीं देऊन म्हणाला, "हा वाचा; मग काय तें बोलूं."

तो ग्रंथ आम्ही आठ दिवस शब्दकोश शेजारीं ठेवून वाचला. त्यांतून जें समजलें तें वाचकांपुढें ठेवतों.

वासुदेव संतू गायतोंडे यांचा जन्म १९२४ सालीं नागपुरास झाला. घराणें मूळचें गोव्याकडचें. लहानपण गेलें तें मुंबईस गिरगांवांतल्या चाळींत. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंतून १९४८ सालीं त्यांनीं पदविका घेतली. आरंभीं ते आपल्याकडील जुन्या लघुचित्रांच्या वळणानें माणसांच्या आकृति काढीत. पुढें पॉल क्ले या स्वित्झर्लंडांत जन्मलेल्या चित्रकाराच्या कामाची त्यांस ओढ लागली. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या सहा जणांनीं १९४७ सालीं 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' काढला होता. त्या मंडळींनीं पुढें गायतोंडे यांसही आपल्यांत घेतलें. परंतु समूहांत रमणारा हा पिंड नव्हता. १९५७ सालीं टोकियो येथें भरलेल्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनांत त्यांस पहिलें पारितोषिक मिळालें. त्याच सुमारास त्यांच्या चित्रांतून माणसें आणि वस्तु एकेक करून नाहींशा होऊं लागल्या, आणि उरला तो रंग, प्रकाश व त्यांवर तरंगणाऱ्या कांहीं खुणा. अशा चित्रांस लोक 'अमूर्त' म्हणतात. गायतोंडे यांस तो शब्द रुचत नसे. आपलें चित्र 'वस्तुनिरपेक्ष' आहे, असें त्यांचें म्हणणें. बहुतेक चित्रांस त्यांनीं नांवही दिलें नाहीं.

१९६४ सालीं रॉकफेलर शिष्यवृत्ति मिळून ते न्यूयॉर्कला गेले. १९७१ सालीं पद्मश्री झाले. १९७२ सालीं मुंबई सोडून दिल्लीस निजामुद्दीन भागांत एका लहानशा जागेंत राहावयास गेले. तेथें ते अगदीं साधेपणानें, एकटे राहत. झेन पंथाचे विचार, निसर्गदत्त महाराज व जे. कृष्णमूर्ति यांचें बोलणें, आणि अभिजात संगीत हा त्यांचा सहवास. वर्षाकांठीं त्यांचीं चित्रें होत तीं पांच-सहा. पांच-सहा! आमच्या वह्या तपासणाऱ्या मनास हा आंकडा प्रथम फारच खटकला. एवढ्या कामावर एखाद्या कारकुनाची नोकरी महिनाभरही टिकली नसती.

परंतु तें काम होई कसें, हें पुढें वाचलें तेव्हां त्या आंकड्याचा अर्थ लागला. गायतोंडे पुष्कळ दिवस नुसते बसून असत. फलकासमोर, खिडकीसमोर, संगीत ऐकत. मनांत कांहीं जमून आलें, म्हणजे मग ते रंगास हात लावीत. कुंचल्याचा उपयोग थोडा. घरें रंगविणाऱ्या रंगाऱ्याच्या हातांत असतो तसा रूळ आणि रंग खरवडण्याची चपटी सुरी, हीं त्यांचीं मुख्य हत्यारें. तैलरंगाचा एक पातळ थर द्यावयाचा, तो सुरीनें कांहीं ठिकाणीं काढावयाचा, त्यावर दुसरा. कधीं वर्तमानपत्राच्या कागदाचे फाडलेले तुकडे रंगांत भिजवून फलकावर ठेवावयाचे, वरून रूळ फिरवावयाचा आणि तुकडा उचलावयाचा. मागें जी खूण राहील ती अर्धी त्यांच्या हातची आणि अर्धी दैवाची. ती ठेवावयाची कीं पुसावयाची, हा निर्णय मात्र सर्वस्वीं त्यांचा. रूळ, सुरी आणि रद्दीचा कागद कोणासही बाजारांत मिळेल. तो निर्णय मिळत नाहीं. त्यासाठींच ते सारे दिवस बसून काढावयाचे.

पुस्तकांतील प्रतिकृतीवर आमचें समाधान होईना. तेव्हां पुतण्या आम्हांस मुंबईस घेऊन गेला. छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत जहांगीर निकल्सन यांनीं जमविलेला आधुनिक चित्रांचा संग्रह ठेवलेला आहे, आणि त्यांत गायतोंडे यांचें काम आहे. एका चित्रासमोर पुतण्यानें आम्हांस उभें केलें व स्वतः दूर जाऊन बसला. प्रथम आम्हांस कांहींच दिसलें नाहीं. हिरवट करडा रंग, आणि मध्यें कांहीं डाग. "हें आमच्या शाळेंतला पोरही काढील" हें वाक्य अगदीं ओठांवर आलें होतें. पण इतक्या दूर आल्यासारखें थांबलों. दहा-पंधरा मिनिटांनीं तो रंग सपाट दिसेनासा झाला. त्याच्या आंत दुसरा, त्याच्या आंत तिसरा दिसूं लागला, तळ्याच्या पाण्यांत तळ दिसावा तसा. ते डाग आम्हांस झिजलेल्या शिलालेखांतल्या अक्षरांसारखे भासले. कोठल्या तरी लिपींतलें एखादें वाक्य आतां वाचतां येईल, असें वाटे, आणि तें पुन्हां आंत बुडून जाई. आमचे डोळे कां भरून आले, तें आम्हांस आजही नीट सांगतां येत नाहीं. चित्र कळलें, असा आमचा दावा नाहीं. पण समोर कोणीं तरी फार वेळ गप्प राहून बोललेलें आहे, एवढें कळलें.

परतीच्या गाडींत आम्हांस आमच्याच विद्येची लाज वाटली. मॅट्रिक झाल्यावर दोन वर्षें एका शास्त्रीबोवांपाशीं बसून आम्हीं काव्यप्रकाश वाचला होता. मम्मटाचार्यांनीं काव्याचीं सहा प्रयोजनें सांगितलीं आहेत: यश, धन, व्यवहाराचें ज्ञान, अमंगलाचा नाश, तत्काळ लाभणारा परम आनंद, आणि कांतेनें गोड बोलून करावा तसा उपदेश. त्याच्याच पुढें त्यांनीं काव्याचा हेतु सांगितला आहे: शक्ति, निपुणता आणि अभ्यास, हीं तिन्हीं मिळून एकच हेतु, तीन निरनिराळे हेतु नव्हेत. प्रयोजन म्हणजे कशासाठीं, आणि हेतु म्हणजे कशापासून. हा भेद आम्हीं तरुणपणीं घोकून पाठ केला होता. आणि घरांत चित्र काढूं पाहणारा एक मुलगा निघाला, तेव्हां आम्हीं त्यास विचारलें तें केवळ प्रयोजन. पैसे किती, नांव किती, उपयोग काय? त्याच्या आंत हें कशापासून उपजलें आहे, हें विचारावयाचें आम्हांस सुचलेंच नाहीं.

राजशेखरानें तर काव्यमीमांसेंत याहून स्पष्ट सांगितलें आहे. मनाची एकाग्रता, म्हणजे समाधि, हा आंतला प्रयत्न, आणि अभ्यास हा बाहेरचा. दोन्हींनीं मिळून शक्ति उजळते. त्यानें आंतल्या बसण्यासही प्रयत्न म्हटलें आहे. आम्ही त्यास आळस म्हणत होतों. आणि कालिदासाच्या मालविकाग्निमित्रांतला तो प्रसंग! राजानें मालविकेचें चित्र आधीं पाहिलें असतें, आणि चित्रकारानें रूप वाढवून काढलें असावें, अशी त्यास शंका असते. प्रत्यक्ष ती समोर येते, तेव्हां त्यास वाटतें, कीं चित्रच उणें पडलें; काढणाऱ्याची समाधि सैल झाली असली पाहिजे. चित्र उणें पडलें म्हणून राजा रंगास दोष देत नाहीं, हातासही देत नाहीं. दोष देतो तो समाधीस. हा प्रसंग आम्हीं शिकवणींत कित्येक मुलांस समजावून दिला आहे. दिला खरा, आम्हांस तो समजला होता काय?

आमच्या बंधूंस आम्हीं हें सर्व सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें. मात्र गायतोंडे यांचें एक चित्र २०१३ सालीं मुंबईंतल्या लिलांवांत तेवीस कोटींहून अधिक रुपयांस गेलें, हें आमच्या तोंडून निघतांच ते ताठ बसले. "तेवीस कोटी! मग आपल्या मुलाचेंही एखादें..." त्यांच्या मुद्रेवर दोन महिन्यांत प्रथमच प्रसन्नता दिसली, आणि तीच आम्हांस अधिक भयंकर वाटली. आम्हीं म्हटलें, "अहो, गायतोंडे वारले २००१ सालीं. त्या तेवीस कोटींतला एक पैसाही त्यांनीं पाहिला नाहीं. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानें त्यांच्या चित्रांचें मोठें प्रदर्शन भरविलें तें २०१४ सालीं. त्यांच्या बसण्याचें कारण हें असूं शकत नाहीं." काल मुलास निरुद्योगी ठरविणारा मनुष्य आणि आज त्याच्या चित्राचा भाव काढणारा मनुष्य, दोघे एकाच तराजूनें तोलीत असतात. मुलगा पूर्वीं पंक्तींतून उठून गेला तो आमच्या प्रश्नामुळें. उद्यां तो या आशेमुळें उठून जाईल.

येथें कोणी सुज्ञ वाचक म्हणतील, "मास्तर, तुमचें म्हणणें मान्य केलें, तर घरोघर तरुण मुलें भिंतीकडे पाहत बसतील आणि त्यास समाधि म्हणतील." ही शंका रास्त आहे, आणि आम्हांसही ती आली होती. बसणारा प्रत्येक जण गायतोंडे नव्हे. पण पारख करण्यास जागा आहे. आम्हीं पुतण्याच्या खोलींत पुन्हां जाऊन, या खेपेस परीक्षकाच्या नव्हे तर पाहुण्याच्या नजरेनें पाहिलें. चटईखालीं वह्यांचा गठ्ठा होता. प्रत्येक पानावर बोटभर रुंदीच्या रंगाच्या पट्ट्या, खालीं तारीख आणि कशांत काय किती मिसळलें त्याची नोंद. नुसत्या करड्या रंगाच्या साठांवर पट्ट्या आम्हीं मोजल्या. मोजण्याची खोड जात नाहीं. आणि जो फलक आम्ही कोरा म्हणत होतों, त्यास पांढऱ्या रंगाचे सात हात दिलेले होते. प्रत्येक हात वाळवून, कांचकागदानें घासून, मग पुढचा. बोट फिरवून पाहिलें, तों शंखाच्या आंतल्या बाजूसारखा गुळगुळीत. महिनाभर आम्ही ज्यास "कांहीं नाहीं" समजत होतों, तें हें.

आमच्या अल्पमतीप्रमाणें खूण ती हीच. ज्यास खरोखर कांहीं करावयाचें आहे, त्याचा बाहेरचा अभ्यास थांबत नाहीं. आणि स्वतःच्या कामावर तो घरच्यांहून अधिक असंतुष्ट असतो. ज्यास केवळ श्रमांतून सुटावयाचें आहे, तो स्वतःवर लौकर प्रसन्न होतो. दुसरें, स्वतंत्र कलावंताचें स्वातंत्र्य म्हणजे घरच्या पोळीवर निश्चिंत बसणें नव्हे. कचेरींतला चित्रकार चुकला, तर दोष वांटून घ्यावयास चार माणसें असतात. स्वतंत्र चित्रकाराच्या चुकीस वांटेकरी नसतो. तें ओझें त्यास उचलूं द्यावें, पण त्यावर आपल्या रोजच्या प्रश्नाचें ओझें घालूं नये.

शेवटीं घरांत सर्वांनीं बसून एक व्यवस्था ठरविली. पुतण्यानें सकाळीं दोन तास गांवांतल्या मुलांस रेखाकला शिकवावी आणि त्यांतून रंग, कापड यांचा खर्च भागवावा. अन्नवस्त्र घरानें पाहावें. मुदत दीड वर्षाची. स्थळांकडील मंडळींस खरी परिस्थिति कळवावी. त्यांतून जे येतील ते येतील. आणि या अवधींत "किती झालें" हा प्रश्न घरांत कोणीं विचारूं नये. हें शेवटचें कलम आमच्याच नांवें आहे, हें सर्वांस ठाऊक होतें. कोणी बोललें नाहीं. बंधूंनीं मान डोलावली, तरी त्यांचें मन अद्याप पुरतें निवळलेलें नाहीं. त्यांचा दोष आम्ही मानीत नाहीं. दीड वर्षानें काय होईल, हें आम्हांसही ठाऊक नाहीं. चित्रें होतील, तीं कोणास भावतील किंवा भावणारही नाहींत. परंतु मुलगा स्वतःस काय दिसतें हें विचारावयास भ्याला नाहीं, एवढें तरी या घराच्या हातून घडावें.

गायतोंडे यांच्या चरित्रांतली एक गोष्ट आमच्या मनांतून जात नाहीं. १९८४ सालीं त्यांस अपघात झाला, आणि पुढें कित्येक वर्षें त्यांस मोठे फलक रंगवितां आले नाहींत. लहान कागदांवर ते शाईनें काम करीत राहिले. उतारवयांत शक्ति ओसरली तेव्हां, आपलीं चित्रें मनांत चालूच आहेत, रंग लावण्यांत ती उरलेली शक्ति खर्चूं नये, अशा आशयाचें त्यांनीं सांगितलें होतें. मागें आम्हीं हें ऐकलें असतें, तर म्हटलें असतें, मनांतल्या चित्रास गुण कोण देणार? आज आम्हांस वाटतें, त्यांचीं सर्वच चित्रें आधीं तेथेंच झालीं होतीं. फलकावर आलीं तीं आम्हां पाहणाऱ्यांच्या सोयीसाठीं.

परवां तिसऱ्या प्रहरीं चहाचा पेला घेऊन आम्ही माडीवर गेलों. फलकावर खालच्या अंगास एक करडी पट्टी आली होती, अगदीं पातळ. पुतण्या पाठमोरा बसला होता. पेला दाराशीं ठेवून आम्ही आवाज न करतां खालीं उतरलों. जिन्याच्या तळाशीं बंधू उभे होते. त्यांनीं हळूच विचारलें, "दादा, किती झालें?"

आम्हीं म्हटलें, "काम चाललें आहे."

त्या रात्रीं पुतण्या आमच्या पंक्तीस आला. कोणीं कांहीं विचारलें नाहीं. मातुःश्रींनीं मात्र यंदाची बरणी काढावयास सांगितली.